पहिल्यांदा आलेला माणूस

श्रीनू,

परवा तुझ्या जिन्यात चपला काढता काढता मी अडलो. वरून पद्मावहिनींच्या रडण्याचा आवाज येत होता, म्हणजे कुणीतरी नवीन माणूस भेटायला आलं होतं. आणि माझ्या मनात आलं, आपण कशाला आलोय? तू जाऊन आठवडा उलटला. या आठवड्यात मी रोज तुझ्या घरी आलो, एखाद्या दिवशी दोनदाही आलो. खुर्च्यावाल्याला सांगायला आलो, तुझ्या अम्मांच्या गोळ्या घेऊन आलो, गॅसची टाकी संपली तेव्हा आलो. पण लोक भेटायला येतात तसा मी आलोय का, एकदा तरी? जिन्यात उभा राहून आठवत बसलो आणि मला खरंच सांगता येईना.

तू असतास तर म्हणाला असतास, "काय बे, येवढं सोपं कळंना तुला? आन म्हणे सॉफ्टवेअर लिहितोय."

सोपं नाहीये रे. आपल्या दोघांची उमेदीची वर्षं याच एका प्रश्नात गेली. दारात आलेला माणूस पहिल्यांदा आलाय की परत आलाय, हे आतल्याने ओळखायचं कसं? आपण त्याचे पैसे घ्यायचो. आणि आता तोच प्रश्न माझ्यावर उलटलाय, तर मला उत्तर येत नाही आणि विचारायला तू नाहीस.

मी वैरागहून डिप्लोमाला सोलापुरात आलो तेव्हा माझं हाय-न्हाय ऐकून वर्ग हसायचा. तू पूर्व भागातला, घरात तेलुगू, खाली वडिलांचे माग. तुझ्या मराठीलाही वर्ग हसायचा. तू सरळ येऊन माझ्या बाकावर बसलास. "तुला बी धड मराठी येत न्हाई, मला बी न्हाई. आपलं जमंल बघ." जमलं. तुझ्या घरी पहिल्यांदा आलो तेव्हा अम्मांनी तेलुगूत विचारलं, हा कोण? तू सांगितलंस. पुढच्या खेपेला त्यांनी परत विचारलं, त्याच्या पुढच्याही. मला वाटायचं, यांना विसरायचा रोग आहे की काय. तू म्हणायचास, "ती विसरत न्हाई बे. तिला परत ऐकायचं असतंय." मग एक दिवस अम्मांनी काहीच विचारलं नाही. माझ्यापुढे ताट सरकवलं आणि मागांच्या खडखडाटात ओरडून म्हणाल्या, जेव. त्या दिवशी मी त्या घरात जुना झालो. त्याचा केवढा आनंद झाला होता मला, तुला कधी सांगितलं नाही.

पुढे जुळे सोलापुरात दोन खोल्यांचं ऑफिस घेतलं, तेव्हा सर्व्हर म्हणजे काय हे मला तूच समजावलंस. कॉलेजात ते मी पाठ करून पास झालो होतो, कळलं तुझ्याकडून. सर्व्हर म्हणजे लांब कुठंतरी ठेवलेला संगणक, मागेल त्याला पान तयार करून देणारा. त्याला आठवण नसते. आत्ताच पान घेऊन गेलेला माणूस पुढच्या क्षणी परत आला, तरी त्याच्या लेखी तो नवखाच. लोक तर मोबाईलवर अंगठ्याने पान खाली ओढत बसतात, रिफ्रेश करतात. सर्व्हरला त्यातली प्रत्येक ओढ म्हणजे दारावरची नवी थाप. मग आपण काय करायचं, तर आलेल्याच्या खिशात एक खूण टाकून द्यायची. परत आला की आधी खिसा तपासायचा. खूण नसेल तर पहिल्यांदा आलाय, याचं सगळं पहिल्यापासून करा. खूण असेल तर झालंय याचं, पुढे चला. "बास, येवढंच हाय," तू म्हणाला होतास. एवढंच होतं तर आपण इतकी वर्षं भांडलो कशाला?

भांडण लागलं ते हाडांच्या डॉक्टरांच्या पानावरून. पेशंटनी सकाळी घरूनच मोबाईलवर नंबर लावायचा, दवाखान्यात गर्दी करायची नाही, असं आपण मोठ्या तोऱ्यात करून दिलं. पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांचा फोन आला, असाल तसे या. जाऊन बघतो तर कंपाउंडर पुकारतोय, "पाटील." एक गृहस्थ आत जाऊन बाहेर आले. पुढचा नंबर, "पाटील." त्याच्या पुढचाही पाटील. आणि दर वेळी तेच गृहस्थ उठून सगळ्यांना हात जोडतायत. अक्कलकोटकडचे होते, बोलण्यात अर्धं कानडी. "एन्री, मी एकटाच हाय की हो. पान हललं का न्हाई बघायला जरा खाली ओढत होतो." जितक्या वेळा ओढलं तितके नंबर त्यांना मिळाले होते. मागे बसलेली मंडळी खवळली होती. कुणीतरी ओरडलं, "आमचा नंबर काय पाटलाची वरात संपल्यावर का?" तू हसून हसून भिंतीला टेकलास. डॉक्टर मात्र हसत नव्हते, आणि हसणारा तू असलास तरी बघत होते ते माझ्याकडे.

त्याच दुपारी तू खूण बसवलीस, आणि बसवलीस ती अगदी दारात. पान उघडलं की लगेच खूण, नंबर मागाहून. पाटलांचा बंदोबस्त झाला आणि आपण आगीतून फुफाट्यात पडलो.

कारण मग आली आमची वैरागची नर्मदाकाकू, गुडघे धरून. तिने सकाळी पान उघडलं, खूण खिशात पडली, आणि नंबर मिळायच्या आत रेंज गेली. रेंज आल्यावर तिने परत उघडलं. सर्व्हरने खिसा तपासला, खूण दिसली, म्हणाला, आपला नंबर लागलेला आहे. कितवा ते सांगेना, कारण दिलाच नव्हता. काकू एसटीने सोलापूरला येऊन दवाखान्याच्या बाकावर बसली. संध्याकाळी मला तिचा फोन. "आरं भारत, लागलाय म्हनतंय ह्ये. पन कितवा त्ये काय सांगंना. सकाळधरनं बसलीया म्या. समदी आली आन गेली." मी धावत गेलो. तिला राग आला नव्हता, तेच मला जास्त लागलं. लागलाय म्हणतात म्हणजे लागला असेल, आपल्यालाच कळत नसेल, असं तिला वाटत होतं.

तेव्हापासून आपलं जे सुरू झालं ते मिटलं नाही. मी म्हणायचो, खूण दारात करायची नाही. माणसाच्या हातात नंबर पडला, की मग करायची. तू म्हणायचास, "आन नंबर दिला, आन खूण करायच्या आत रेंज गेली तर? परत येतंय, दुसरा नंबर घेतंय. परत पाटील."

"येऊ दे पाटील. एकाला दोन नंबर मिळाले म्हणून कुणी मरत नाही."

"त्याच्या मागचा मरतोय की बे."

"आणि काकूचं काय? आलीय म्हणून खूण केलीस, पण तिला मिळालं काय?"

यावर तू डोकं खाजवायचास. "दोन्ही चुकाच हायत, भारत. त्यातली कुठली आपली म्हणायची, तेवढंच ठरवायचं हाय." आणि आपण दोघं वेगवेगळी चूक आपली म्हणून बसलो होतो. टपरीवर भांडलो, तुझ्या मुलीच्या बारशात भांडलो, शेंगाचटणी आणि कडक भाकरी पुढ्यात घेऊन भांडलो. वहिनी एकदा म्हणाल्या होत्या, "ह्या खुणेपायी तुमी दोघं एक दिवस एकमेकाला वळखणार न्हाई." त्या पानाला आपण ठिगळं इतकी लावली की मूळ कापड कुठलं ते डॉक्टरांनाच काय, आपल्यालाही सांगता आलं नसतं. तरी ते चाललं, इतकी वर्षं चाललं.

आता डॉक्टरांना सगळं नव्याने करून हवं होतं, म्हणून परत तोच विषय निघाला. आपली शेवटची संध्याकाळ त्यातच गेली. निघताना तू स्कूटर चालू केलीस, पाय टेकवून थांबलास आणि म्हणालास, "मला एक सुचलंय बे. तुझं बी राहतंय, माझं बी राहतंय. उद्या दाखवतो."

काय सुचलं होतं? एक आडाखा मी बांधतो, तो दुसऱ्या मिनिटाला मोडतो. दोन खुणा करायच्या होत्या का तुला, एक आल्याची आणि एक मिळाल्याची? पण मग दोन्हींच्या मध्ये जो अडकला त्याला काय दाखवायचं? की खूण माणसाच्या खिशात न ठेवता आपल्याकडेच ठेवायची होती? ते तर आपण करून हात पोळून घेतले होते. मग वाटतं, तुला काहीच सुचलं नव्हतं. जेवायची वेळ झाली होती आणि मला गप्प करायला तू बोलून गेलास. तू असं करायचास. पण पाय टेकवून थांबला होतास, हेही खरं. मी कुठं पोचतच नाही.

तू गेलास ती सकाळ मला तुकड्यातुकड्यांनी आठवते. तुला माझ्या गाडीत घातलं, दवाखान्यात नेलं, तिथल्या डॉक्टरांनी मान हलवली. त्यानंतर मी फोनवर होतो. याला कळव, त्याला कळव, अम्मांना पूर्व भागातून आणायला गाडी पाठव. लोक मला विचारत होते, लाकडं सांगितली का, पाणी कुठं ठेवू, पावणे कधी पोचणार. मला सगळ्यांची उत्तरं माहीत होती. हे मला कसं जमलं, विचारू नकोस.

आणि आता तुझं घर. तुला माहितेय आपल्याकडे भेटायला येण्याची रीत. पहिल्यांदा येणारा आला की बायका गळ्यात पडतात, मोकळं रडतात, आणि मग वहिनी त्याला तुझ्या शेवटच्या सकाळची हकिगत सांगतात. पहिल्यापासून सांगतात. आदल्या रात्री काय जेवलास, सकाळी उठून काय म्हणालास, कुठं बसलास. ऐकणारा डोळे पुसतो, थोडा बसतो आणि 'येतो' न म्हणता उठतो. तोच माणूस दुसऱ्यांदा आला की त्याला कुणी काही सांगत नाही. तो आत जाऊन शेजाऱ्यांकडून आलेले डबे रिकामे करतो. पहिल्यांदा आला तो भेटायला आलेला, दुसऱ्यांदा आला तो घरचा.

वहिनींना एवढ्या माणसांतून हे ओळखू कसं येतं, असं मला वाटायचं. मग लक्षात आलं, त्या पायांकडे बघतात. पहिल्यांदा येणारा उंबऱ्यात थबकतो. आधी येऊन गेलेला सरळ आत येतो. दोन दिवसांपूर्वी तुमच्या जुन्या गल्लीतले एक काका आले, ते थबकले. वहिनींनी हकिगत सांगितली, काका रडले. मला माहीत होतं की ते आधी येऊन गेलेत, आदल्याच दिवशी मीच त्यांना पाणी दिलं होतं. परत का थबकले? मला आठवतंय असं मी दाखवलं नाही, आणि मी ऐकलंय हो, असं तेही म्हणाले नाहीत. दुसऱ्यांदा सगळं ऐकून पहिल्याइतकंच रडून गेले. तू म्हणाला असतास, बघ, परत पाटील. मला हसू आलं आणि त्या घरात हसू आलं म्हणून मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

हकिगत मी किती वेळा ऐकली असेल! स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून ऐकली, पाण्याचे ग्लास भरत ऐकली, फोन कानाला लावून ऐकली. पण ती माझ्यासाठी नव्हती. माझे पाय कधी उंबऱ्यात थबकलेच नाहीत. मी तर तुला घेऊन त्या दारातून बाहेर पडलो होतो आणि तुला घेऊनच आत आलो होतो.

मी रडलेलो नाही, श्रीनू. तुला खोटं वाटेल. लांबच्या माणसाच्या मयतीतही माझे डोळे भरतात, यावरून तू मला किती चिडवायचास. आणि तुझ्या वेळी एक टिपूस नाही. बायको घरी माझ्याकडे चोरून बघते. आधी मला वाटलं, काम आहे म्हणून. मग वाटलं, आपण दगड आहोत. मग भीती वाटायला लागली की मला हे कळलेलंच नाही आणि आता कळायची वेळ निघून गेली. सकाळी ऑफिसचं कुलूप काढताना तुझी स्कूटर दिसत नाही, म्हणून मी चिडतो, हा परत उशिरा येणार. मग आठवतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा चिडतो, पुन्हा आठवतं. हे कळणं झालं का? की नुसतं पान ओढत बसलोय?

एकदा धीर करून वहिनींना विचारलं, शेवटच्या रात्री हा कामाबद्दल काही म्हणाला का? त्यांनी खूप आठवून बघितलं. "म्हणत होते की कायतरी. भारतला सांगायचंय म्हणत होते, हातवारे करत होते. पण मला त्यातलं काय कळतंय? आन मी कुकर लावत होते भाऊजी, शिट्टीत ऐकू बी आलं न्हाई." मग त्यांचंच तोंड उतरलं. मी म्हटलं, काही नाही, कामाचंच असेल. तुझं ते सुचलेलं आता कायमचं कुकरच्या शिट्टीत गेलं. राग कुणाचा करू?

काल दुपारी मी पिण्याच्या पाण्याचा जार घेऊन वर आलो. ऊन मी म्हणत होतं, त्यामुळे भेटायला कुणी नव्हतं. अम्मा आत पडल्या होत्या. वहिनी एकट्याच भिंतीला टेकून बसल्या होत्या, समोर सतरंजी रिकामी. मी नेहमीसारखा सरळ स्वयंपाकघराकडे निघालो.

"भाऊजी, ते राहू द्या. बसा हितं."

मला वाटलं काही आणायचं असेल. जार दारातच ठेवून मी सतरंजीच्या कडेला टेकलो. त्यांनी मला नीट समोर बसायला लावलं.

"समद्यास्नी सांगितलं मी. तुमी तितं होता म्हणून तुमाला कुणी सांगितलंच न्हाई. मी बी न्हाई."

"मला माहितेय की वहिनी सगळं."

"असू द्या."

आणि त्यांनी सुरुवात केली. रात्री तू चांगलं जेवलास. आमटी तिखट झाली म्हणालास आणि तीच परत घेतलीस. सकाळी उठलास, दाढी केलीस, आरशात बघून म्हणालास की केस काळे करायला झालेत. चहा घेतलास. छातीत जरा कसंतरी होतंय म्हणालास आणि पंख्याखाली खुर्चीत बसलास. वहिनी पाणी आणायला गेल्या. शब्द न् शब्द मला पाठ होता. कुठं त्यांचा आवाज चढतो, कुठं त्या पदर तोंडाला लावतात, तेही माहीत होतं. मी मान हलवत ऐकत होतो, आणि मनात म्हणत होतो, आता मी येईन. कारण सगळ्यांना सांगताना त्या पुढे म्हणतात, "मग भाऊजींना फोन लावला." इतक्यांदा ऐकलं होतं की हे भाऊजी म्हणजे कुणी भला माणूस, जवळच राहणारा, गाडीवाला, असं वाटायला लागलं होतं मला.

त्या तिथवर आल्या आणि थांबल्या. माझ्याकडे बघितलं.

"मग मी तुमाला फोन लावला," त्या म्हणाल्या. "म्हटलं, भाऊजी, लवकर या, हे उठंनात."

श्रीनू, हे वाक्य मी त्या सकाळी फोनवर ऐकलं होतं. ऐकल्याबरोबर गाडीची किल्ली शोधायला पळालो होतो. काल माझ्या हातात किल्ली नव्हती, फोन नव्हता, कुठं जायचं नव्हतं. हे उठंनात. माझ्या तोंडून असा आवाज निघाला की आतून अम्मा उठून आल्या. त्यांनी काही विचारलं नाही. माझं डोकं आपल्या पोटाशी धरलं आणि तेलुगूत काहीतरी म्हणत राहिल्या. तुझं नाव तेवढं मला कळत होतं. वहिनीही रडत होत्या. किती वेळ गेला, मला नाही सांगता येणार.

मग मी तोंड पुसलं. वहिनींची हकिगत तिथंच अडली होती. पुढचं सगळं मीच केलेलं होतं, त्यामुळे ते मला सांगावं की नाही, हे त्यांना कळत नसावं.

मी विचारलं, "मग काय झालं?"